डॉक्टरकीचे कर्ज कोणाचे?



एखाद्या घरातले मूल मेडिकलला लागले की त्या घरी पेढे वाटले जातात, मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात अभिनंदन होते, आणि ते योग्यच आहे. दोन-तीन वर्षे जागून मिळवलेले यश असते. पण त्या आनंदात एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही. हे मूल उद्या डॉक्टर होईल, तेव्हा जिथे डॉक्टर नाही तिथे जाण्याचे त्याच्यावर काही नैतिक बंधन आहे का? आपल्याच जिल्ह्याकडे पाहा. सांगली-मिरज रस्त्याने जाताना दवाखान्यांच्या पाट्या मोजता मोजता थकायला होते. त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, जत तालुक्यात उमदी-संखच्या बाजूला, रात्री एखादी बाळंतीण अडली तर घरच्यांना आधी किलोमीटरचा हिशेब करावा लागतो. उमदी सांगलीपासून शंभर किलोमीटरहून लांब आहे.

प्रश्न विचारला की साधारण दोन उत्तरे मिळतात. एक उत्तर असे: "गेला तर देव त्याचे भले करो, पण हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे." दुसरे उत्तर थोडे रागाचे असते: "सरकारने याच्या शिक्षणावर लाखो रुपये घातले आहेत. वसूल नको का करायला?" पहिल्या उत्तरात खेड्यात जाणे ही दया ठरते, दुसऱ्यात ते कर्ज ठरते. आमच्या मते दुसरे उत्तर सत्याच्या जास्त जवळ आहे. मात्र त्यात सावकाराचे नाव चुकले आहे. आणि सावकार चुकीचा धरला की फेडही चुकीच्या ठिकाणी होते.

दया आणि न्याय यांतला फरक हा काही सेमिनरीतल्या तत्त्वज्ञानाच्या वर्गापुरता विषय नाही. शेजाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला मी पाचशे रुपये दिले तर ती माझी भलाई. त्याच शेजाऱ्याकडून उसने घेतलेले पाचशे परत केले तर त्यात भलाई कसली? ते त्याचेच होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी जो दस्तऐवज काढला, त्यात हे स्पष्ट सांगितले आहे की जे न्यायाने दुसऱ्याचे आहे ते त्याला दान म्हणून देऊ नये. आधी न्यायाची मागणी पुरी करावी. म्हणून डॉक्टरने खेड्यात जाणे हे दान आहे की देणे आहे, हे आधी ठरवले पाहिजे. देणे असेल तर जाणाऱ्याला हारतुरे घालणे थोडे विचित्रच दिसेल.

सरकारी तिजोरीचा मुद्दा आधी घेऊ. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ सालचे. तेथील विद्यार्थी जी फी भरतो आणि त्याला शिकवायला जो खर्च येतो, त्यांत मोठे अंतर असते. ते अंतर लोकांच्या करातून भरले जाते. म्हणूनच महाराष्ट्र सरकार पदवीनंतर एक वर्षाच्या सेवेचा बाँड लिहून घेते. सेवा करायची नसेल तर एमबीबीएसला दहा लाख रुपये दंड, अशी वाट पुष्कळ वर्षे उघडी होती, आणि अनेकजण त्या वाटेने गेले. आपण त्यांना नावे ठेवतो. पण कर्ज तिजोरीचेच असेल तर त्यांनी चूक काय केली? पैशाचे कर्ज पैशाने फिटले. शिवाय जो विद्यार्थी खासगी महाविद्यालयात स्वतःच्या वडिलांचे पैसे भरून शिकला, त्याच्यावर मग कसलेच कर्ज उरत नाही. आणि सरकारी पैशाने शिकलेला एखादा इंजिनियर अमेरिकेला जातो, त्याला कोणी अडवत नाही. तिजोरीच्या हिशेबाने पाहिले तर डॉक्टरलाच वेगळे काढण्याचे कारण सापडत नाही.

कारण आहे, पण ते तिजोरीत नाही, जनरल वॉर्डात आहे.

सांगलीच्या सिव्हिलमध्ये किंवा मिरजेच्या सरकारी दवाखान्यात सकाळी गेलात तर हे दृश्य तुम्ही पाहिले असेल. पोटात पाणी झालेली एक बाई खाटेवर पडली आहे. जतची असेल, कवठेमहांकाळची असेल किंवा सीमेपलीकडची अथणीची असेल. भोवती आठ-दहा मुले-मुली पांढऱ्या कोटात उभी आहेत. सर एकेकाला पुढे बोलावतात. एकजण पोटावर बोट ठेवून वाजवून पाहतो, दुसरी कुशीवर वळवते, तिसरा पुन्हा तेच करतो कारण पहिल्याला जमले नाही. बाई काही बोलत नाही. तिला विचारले होते का? कदाचित विचारलेही असेल. पण जिला दुसरीकडे जायला पैसे नाहीत तिच्या 'हो'ला किती अर्थ आहे? हृदयाची झडप बिघडलेल्या पोराची छाती एका सकाळी वीस स्टेथोस्कोप ऐकतात. पहिले बाळंतपण, पहिला टाका, शीर न सापडता चार वेळा टोचलेली सुई, हे सगळे कोणाच्या तरी अंगावर शिकले जाते. खासगी खोलीतल्या पेशंटच्या अंगावर ते शिकले जात नाही. तिथे मोठे डॉक्टर एकटे येतात आणि दार लावून घेतात.

त्याही आधी, पहिल्याच वर्षी, शरीररचनेच्या टेबलावर एक मृतदेह असतो. आता देहदानाची चळवळ वाढली आहे, पुष्कळ सुशिक्षित कुटुंबे स्वेच्छेने देहदान करतात, हे आनंदाचे आहे. पण १९४९ सालच्या मुंबई शरीररचनाशास्त्र कायद्याने, ज्यांच्यावर हक्क सांगायला कोणी आले नाही अशांचे देह महाविद्यालयांना देण्याची सोय केली, आणि पिढ्यान् पिढ्या डॉक्टर त्या देहांवर शिकले. बेवारस कोण मरतो? ज्याच्यामागे यायला कोणी नाही, किंवा आहे पण त्याच्याकडे गाडीभाडे नाही, तो.

तेव्हा कर्ज आहे ते या माणसांचे. त्यांनी रुपये दिले नाहीत. आपले दुखणारे पोट, आपली लाज आणि मेल्यावर आपला देह दिला, आणि तोही फारसे विचारले न जाता. इमॅन्युएल कान्टचा सिद्धांत आपल्यापैकी काहींनी कॉलेजात वाचला असेल: माणसाला केवळ साधन म्हणून कधी वापरू नये. त्यात 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. डॉक्टर घडवायचे तर कोणाच्या तरी शरीराचे साधन होणारच. ते टाळता येत नाही. पण ज्या बाईच्या पोटावर दहाजण शिकले, तिच्या गावात त्या दहांपैकी एकही कधी फिरकणार नसेल, तर ती केवळ साधन झाली. तिथे अन्याय सुरू होतो.

संत थॉमस अक्विनास यांनी परतफेडीविषयी एक साधा नियम मांडला आहे. ज्याचे घेतले त्यालाच परत करायचे. दुसऱ्या कोणाला देऊन ऋण फिटत नाही. मग त्यांनी पुढचा प्रश्नही घेतला आहे. तो माणूस कोण होता हेच आता कळत नसेल तर? तर हात झटकता येत नाहीत; त्याच्या हितासाठी, उदाहरणार्थ दानधर्म करून, शक्य तितकी फेड करावी लागते. हा नियम इथे लावून पाहा. पोटात पाणी झालेली ती बाई आता कुठे आहे, हे त्या विद्यार्थ्याला कधीच कळणार नाही. बहुधा ती जगलेलीही नसेल. पण ती कोणत्या बाजूची होती, कशामुळे इतक्या उशिरा दवाखान्यात आली, हे त्याला माहीत आहे. तिच्यासारख्या बायांना वेळेवर डॉक्टर मिळणे, हीच त्यातल्या त्यात खरी फेड. दहा लाखांचा धनाकर्ष सरकारजमा केल्याने तिचे काहीच परत जात नाही. हेच खासगी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यालाही लागू आहे. त्याच्या वडिलांनी फी महाविद्यालयाला भरली; वॉर्डातल्या खाटेवर पडलेल्या माणसाला त्यातले काही मिळाले नाही.

इथपर्यंत आमच्याशी सहमत झालात तर तुम्ही म्हणाल, "मग ठीक आहे फादर, प्रत्येकाला वर्षभर जतला पाठवा, हिशेब मिटला." आमची अडचण नेमकी इथे सुरू होते.

जो मुलगा साडेपाच वर्षे मोठ्या रुग्णालयात शिकला, तो जतच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर काय करेल? १९६१ साली केर व्हाइट नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका व इंग्लंडमधील आकडे जुळवून एक हिशेब मांडला होता, तो आजही वैद्यकशास्त्राच्या शिक्षणात सांगितला जातो. एक हजार मोठी माणसे घ्या. एका महिन्यात त्यांपैकी साधारण ७५० जणांना काहीतरी दुखते-खुपते. २५० डॉक्टरकडे जातात. ९ रुग्णालयात दाखल होतात. विद्यापीठाच्या शिकवण्याच्या रुग्णालयापर्यंत पोहोचतो तो १. आपला विद्यार्थी शिकतो तो या एकावर. बाकीच्या ७४९ जणांना काय होते, ते बरे कसे होतात, कोणाचे दुखणे आज किरकोळ दिसते पण उद्या जिवावर येईल, हे ओळखायला त्याला कोणी शिकवलेले नसते. मोठ्या रुग्णालयात आजार नाव घेऊन येतो. चिठ्ठीवर लिहिलेले असते. खेड्यात येतो तो नुसता "अंगात कसकस आहे डॉक्टर" म्हणून. त्यातून हिवताप, क्षय, रक्त कमी असणे, दारुड्या नवऱ्याची मारहाण आणि साधा थकवा वेगळा काढायचा, तोही एक्स-रे नसताना, आणि जतच्या पूर्व भागात बऱ्याच वेळा कानडीत. हे काम सोपे म्हणून खालचे मानले जाते. खरे तर ते अवघड म्हणून टाळले जाते.

महाराष्ट्रातलेच एक उदाहरण घ्या. डॉ. हिंमतराव बावस्कर नागपूरहून एमबीबीएस होऊन १९७०च्या दशकात रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत. त्या वेळच्या पाठ्यपुस्तकांत उपयोगी पडेल असे याविषयी फारसे काही नव्हते. बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून राहिले, नाडी, रक्तदाब, श्वास टिपत गेले, आणि पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरून त्यांनी या मृत्यूंचे प्रमाण खाली आणले. त्यांचे काम 'लॅन्सेट'सारख्या जगन्मान्य नियतकालिकात छापून आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपण अशा माणसाचे कौतुक करतो आणि थांबतो. पण एका बावस्करांमागे असे कितीजण असतील, ज्यांना केंद्रावर काय करायचे ते न कळल्यामुळे त्यांनी वर्षभर सर्दीच्या गोळ्या वाटल्या, प्रत्येक जरा अवघड पेशंटला "सांगलीला न्या" म्हणून लिहून दिले, आणि उरलेला वेळ पीजीच्या परीक्षेची पुस्तके वाचली? अशा मुलाने वर्ष भरले, बाँड सुटला. त्या गावाचे कर्ज मात्र फिटले नाही, उलट वाढले. आधी वॉर्डात तो त्यांच्यावर शिकला, आता त्यांच्या गावात जाऊन पुन्हा त्यांच्यावरच शिकला, आणि शिकून झाल्यावर पुण्याला गेला.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की ज्याच्यावर हे कर्ज आहे त्याला ते फेडण्याची कुवत देणे, हा त्या कर्जाचाच भाग आहे. आणि तो भाग विद्यार्थ्याचा नाही. शिकवणाऱ्यांचा आणि समाजाचा आहे.

आपल्या भागाला हे नवे नाही. प्रेसबिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभे केले आणि तीनच वर्षांत, १८९७ साली, त्याला जोडून वैद्यकीय शाळा काढली. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मिशनरी वैद्यकीय शाळांपैकी ती एक. लांबलांबून येणारे पेशंट एका डॉक्टरला पेलणारे नव्हते. हाताखाली माणसे तयार करणे भागच होते. त्या काळी देशभर अशा शाळांतून कमी वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेले लायसेन्शिएट डॉक्टर बाहेर पडत, आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशातील नोंदणीकृत डॉक्टरांपैकी निम्म्याहून अधिक लायसेन्शिएटच होते. १९४६ साली भोर समितीने शिफारस केली की यापुढे एकाच प्रकारचा, पदवीधर डॉक्टर असावा. समितीतल्या काही सदस्यांना हे पटले नव्हते. गावांना डॉक्टर मिळणार कसे, असे ते विचारत होते. आमच्या मते समितीचे तत्त्व बरोबर होते. शहराला पूर्ण डॉक्टर आणि खेड्याला अर्धा, ही वाटणी न्यायाची नाही. पण समितीने त्याच अहवालात असेही म्हटले होते की या डॉक्टरला समाजाच्या आरोग्याचे शिक्षण मिळावे, तो लोकांमध्ये राहून काम करणारा असावा. तो अर्धा भाग कागदावर राहिला. १९७७ साली पुन्हा एक योजना आली, प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकासगटांची जबाबदारी घ्यावी, फिरत्या दवाखान्यांतून विद्यार्थ्यांना गावात न्यावे. गाड्या आल्या. पुढे गाड्या राहिल्या आणि योजना विरली.

आता माधवनगरवरून तासगावकडे जा. मिरजेच्या महाविद्यालयाचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र तिथे आहे. तासगावला आम्ही नावे ठेवत नाही. पण ते बेदाण्याच्या बाजाराचे, पैसा खेळणारे गाव आहे, आणि संध्याकाळी सांगलीला परतता येते. ग्रामीण म्हणजे नेमके काय, याची व्याख्या आपण सोयीने करून घेतो.

ॲरिस्टॉटलने सद्गुणाविषयी जे सांगितले ते इथे फार उपयोगी पडते. माणूस घरे बांधून गवंडी होतो, वीणा वाजवून वादक होतो. तसाच न्यायाची कृत्ये करत करत न्यायी होतो. व्याख्यानाने कोणी न्यायी झालेला नाही. पण त्याच ठिकाणी तो एक इशाराही देतो, जो आपण विसरतो: वाईट वाजवूनच वाईट वादक होतात. जो विद्यार्थी पाच वर्षे पेशंटला 'बेड नंबर सात' म्हणायला शिकला, तो त्यातही तरबेज होतो. शेवटच्या वर्षी त्याला बाँडवर सही करायला लावून ती सवय निघत नाही.

सेवाग्रामला हे ओळखले गेले होते. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी तिथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. तिथे पहिल्या वर्षाच्या तुकडीने एक गाव घ्यायचे, पंधरा दिवस त्या गावात राहायचे, प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबे, आणि पुढेही त्या घरांकडे जात राहायचे, अशी पद्धत घातली गेली. ज्याला पुढे तिथेच पीजी करायचे त्याने आधी दोन वर्षे ग्रामीण सेवा करावी, अशी अटही होती. गंमत अशी की पहिल्या वर्षीच्या मुलाला वैद्यकी काहीच येत नसते. तो त्या घरात बरे करायला जाऊ शकत नाही. तो फक्त बसतो, चहा पितो, पाणी कुठून आणता, मूल कधी गेले, असे विचारतो. म्हणजे तपासण्याआधी ओळख होते. वॉर्डात नेमके उलटे घडते.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने दुसरी वाट धरली. डॉ. आयडा स्कडर यांनी १९१८ साली सुरू केलेल्या या शाळेत पुढे चर्चेस आणि मिशन संस्था विद्यार्थ्यांना पुरस्कृत करू लागल्या. शिकून झाल्यावर त्याने आपल्याला पाठवणाऱ्यांच्या रुग्णालयात ठरावीक काळ काम करायचे. आपल्या कॅथलिक महागुरुस्वामींच्या परिषदेने १९६३ साली बंगळुरात सेंट जॉन्स काढले, तिथेही ग्रामीण सेवेचा आग्रह धरला गेला. वेल्लोरला शिकलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या मराठी ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली जामखेडच्या दुष्काळी भागात काम सुरू केले. गावाने निवडलेल्या, पुष्कळदा निरक्षर, दलित समाजातल्याही बायांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले, आणि जामखेड पाहायला जगभरातून डॉक्टर येऊ लागले. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आम्हांला जामखेडमधली सर्वांत मोठी गोष्ट पुरस्कार वाटत नाही. तिथे शिकायला आलेल्या डॉक्टरला शाळेत न गेलेल्या बाईपुढे विद्यार्थी म्हणून बसावे लागते, ही वाटते.

जपानने १९७२ साली जिची वैद्यकीय विद्यापीठ काढले. तिथे प्रत्येक प्रांत आपली दोन-तीन मुले निवडून पाठवतो, फीचा भार उचलतो, आणि मूल डॉक्टर होऊन साधारण नऊ वर्षे आपल्याच प्रांतात काम करते, त्यातली बरीच वर्षे डॉक्टर नसलेल्या भागात. नऊ वर्षे! आणि बहुतेक सगळे ती पुरी करतात. आपल्याकडे एका वर्षाला पळवाटा शोधल्या जातात. फरक जपानी स्वभावाचा आहे असे म्हणून सुटता येईल, पण आम्हांला वाटते फरक सावकाराचा आहे. तिथल्या मुलाला आपण कोणाचे देणे लागतो ते नावानिशी माहीत असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली आणि पुन्हा २०२१ साली ग्रामीण भागात आरोग्य कर्मचारी टिकावेत म्हणून ज्या शिफारशी केल्या, त्यांतही सुरुवातीलाच हे येते: खेड्यातून आलेल्या मुलांना प्रवेश द्या, मोठ्या शहराबाहेर शिकवा, शिकतानाच खेड्यात काम करू द्या. जतच्या मुलीला नीटची तयारी करायला लातूरला राहून क्लासची फी भरणे परवडत नसेल, तर पहिली शिफारस तिथेच गळते.

आता राष्ट्रीय आयोगाने एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून काही कुटुंबे दत्तक घ्यायला सांगितले आहे. सेवाग्रामचीच कल्पना सगळ्या देशाला लागू झाली, याचा आनंद आहे. धास्तीही आहे. विद्यार्थी बसमधून उतरला, रक्तदाब घेतला, वहीत सही घेतली आणि निघाला, तर त्या कुटुंबाचे काय झाले? वॉर्डात शरीर वापरले गेले, आता घरही वापरले गेले. दत्तक या शब्दाला मराठीत मोठा अर्थ आहे. दत्तक घेतलेल्याला सोडता येत नाही.

पण देणे एकाच बाजूचे आहे असे समजू नये. एका आईने आम्हांला विचारले, "फादर, माझ्या मुलीने तिथे एकटीने राहायचे? क्वार्टरला कडी तरी असते का?" त्या माउलीचा प्रश्न स्वार्थी नाही. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात प्रशिक्षण घेणाऱ्या एका तरुण महिला डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, आणि ते महानगरातले मोठे सरकारी रुग्णालय होते. ज्याला न्याय मागायचा आहे त्याला न्याय द्यावाही लागतो. राहण्याजोगी खोली, पाणी, रात्री सोबत, आणि पेशंट दगावला तर डॉक्टरच्या अंगावर धावून न जाणारे गाव, एवढे नसेल तर त्या मुलीला कर्जाची आठवण करून देण्याचा अधिकार कोणाला उरत नाही. इथे आम्ही त्या आईच्या बाजूचे आहोत.

तिच्याच घरात मात्र आम्ही आणखी एक शब्द ऐकला, तो आपल्या सर्वांच्या घरांत बोलला जातो. "नुसता एमबीबीएस." स्थळ सांगून आले, काय करतो मुलगा? "नुसता एमबीबीएस आहे." हा 'नुसता' शब्द महाविद्यालयाने शिकवलेला नाही, तो आपण शिकवला. साध्या खोकल्याला आपण केंद्रावरच्या डॉक्टरला ओलांडून थेट छातीच्या तज्ज्ञाकडे जातो, आणि मग खेड्यात चांगला डॉक्टर का टिकत नाही म्हणून हळहळतो. वेल्समधल्या ग्लिनकॉरग या कोळसा खाणीच्या गावात आयुष्य घालवलेले डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली असा नियमच मांडला की जिथे गरज जास्त तिथे चांगली वैद्यकीय सेवा कमी मिळते. ते बाजाराला दोष देत होते. बाजारात आपणही उभे असतो.

आता आपल्या घरचा विषय. धर्मग्रामाच्या शिक्षण निधीतून वैद्यकीय शिक्षणासाठी मदत द्यायची झाल्यास तिला काही अट असावी का, हा प्रश्न पुढे आला आहे. काहींचे म्हणणे, पाच वर्षांचा करार लिहून घ्यावा. काहींचे, दान हे बिनशर्त असावे. आमचे मत असे आहे की करार लिहून घेऊ नये. वर जे लिहिले त्यावरून कारण लक्षात आले असेल. पण ज्याला मदत मिळेल त्याने पहिल्या वर्षापासून दर सुटीत दोन आठवडे एकाच ठिकाणी जावे, धर्मभगिनींच्या एखाद्या लहान दवाखान्यात किंवा जत भागातल्या केंद्रावर, तिथल्या डॉक्टरांची परवानगी घेऊन. दरवर्षी नवे ठिकाण नको, तेच ठिकाण. पहिली दोन वर्षे त्याने कोणाला तपासू नये. आशाताईंबरोबर फिरावे, नर्सबाईंच्या हाताखाली केसपेपर लिहावेत. मुलगी असेल तर दोघींनी मिळून जावे आणि राहण्याची सोय आपण आधी पाहून यावी. आणि निधी डॉक्टरांपुरता ठेवू नये. नर्सिंगला जाणाऱ्या मुलींचा अर्ज आला तर तो आधी घ्यावा, असे आम्ही सुचवणार आहोत, कारण केंद्र बहुधा त्यांच्यावरच चालते.

यावर बोलण्यासाठी येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहात बैठक ठेवली आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी तर जरूर यावे. कानडीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. आपल्यात कानडी बोलणारी काही घरे आहेत; सुटीत आठवड्याला दोन तास शिकवायला त्यांच्यातले कोणी तयार असेल तर त्यांनी बैठकीआधीच ऑफिसात नाव द्यावे.

आपले धर्मगुरू